अश्ववैद्यकाच्या पानांतील यूका, लिक्षा व दंश

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत, मठांतील रुमालांत आणि पागा बाळगणाऱ्या सरदारांच्या वाड्यांत जीं बाडें सांपडतात, त्यांत अश्वशास्त्राचीं पानें बरीच असतात. घोड्याचे रंग, अंगावरील भोंवरे, त्यांचीं शुभाशुभ फळें व चालींचे प्रकार हा भाग संग्राहक आवडीनें जतन करतात. पोथी सचित्र असल्यास तिचें मोल अधिकच वाढतें. परंतु अशाच बाडाच्या शेवटीं तेलकट डागांचीं, निरनिराळ्या हातांनीं लिहिलेलीं कांहीं सुटीं पानें असतात. त्यांत उवा कशा घालवाव्या, गोचीड कसे काढावे, माश्यांपासून जनावराचा बचाव कसा करावा, खरुजेवर काय लावावें, अशा किरकोळ दिसणाऱ्या गोष्टी असतात. हीं पानें बहुधा सूचींत चढत नाहींत. "औषधांचीं फुटकळ पानें" एवढ्या शेऱ्यावर त्यांची बोळवण होते.

प्रस्तुत लेखकाच्या मतें पागेच्या प्रत्यक्ष व्यवहाराचा सर्वांत विश्वसनीय पुरावा याच पानांत आहे. मात्र तीं वाचतांना तीन गोष्टी तपासाव्या लागतात : शब्द, द्रव्य आणि माप. या तिहींपैकीं एक जरी चुकली तरी वाचन चुकतें, आणि या विषयांत वाचन चुकण्याचा परिणाम केवळ कागदापुरता राहत नाहीं. हें मी स्वतःच्या अनुभवानें शिकलों आहें. तो अनुभव पुढें योग्य स्थळीं सांगेन.

१. ग्रंथ व सुटीं पानें

अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्राच्या नांवानें चालते. हें नांव फारसी ग्रंथांत 'सालोतर' असें गेलें आणि तेथून घोड्यांच्या वैद्यास आपल्याकडे 'सालोत्री' म्हणूं लागले. संस्कृत ग्रंथांपैकीं जयदत्ताचें 'अश्ववैद्यक' व नकुलाच्या नांवावर असलेलें 'अश्वचिकित्सित' हे दोन ग्रंथ उमेशचंद्र गुप्त यांच्या संपादनाखालीं कलकत्त्याच्या 'बिब्लिओथिका इंडिका' मालेंत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत छापले गेले. तंजावरच्या सरस्वती महालांतील सचित्र 'अश्वशास्त्र' १९५२ सालीं प्रसिद्ध झालें आणि भोजाच्या नांवावरील 'शालिहोत्र' पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें १९५३ सालीं छापला. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'तही (बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) अश्वांचा विचार आहे.

छापील ग्रंथ हाताशीं असल्यानें सुट्या पानांचें मोल कमी होतें, असें कोणी समजूं नये. ग्रंथ हा विद्वानांच्या हातचा. पान हें मोतद्दाराच्या गरजेंतून उतरलेलें. साधारणपणें अशा पानांत तीन थर दिसतात. पहिला थर संस्कृत श्लोकांचा. त्यांत अशुद्धें पुष्कळ, कारण लिहिणारास संस्कृत येत असेच असें नाहीं. दुसरा थर त्या श्लोकांच्या मराठी किंवा हिंदुस्थानी अर्थाचा. तिसरा थर नंतरच्या लोकांनीं समासांत, पानाच्या पाठीवर अगर दोन ओळींच्या मध्यें भरलेल्या नुसख्यांचा. हे तीन थर निरनिराळ्या काळांचे असतात. त्यांना एकच "ग्रंथ" मानून पानास एकच काळ चिकटवणें ही सर्वांत सामान्य चूक होय.

२. शब्दांची परीक्षा

संस्कृतांतील 'यूका' तीच मराठींतील ऊ, आणि 'लिक्षा' तीच लीख. येथें अडचण नाहीं. अडचण दोन ठिकाणीं येते.

पहिली 'पिपीलिका' या शब्दाची. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या सातव्या अध्यायांत शरीराच्या बाहेरील मळापासून होणाऱ्या कृमींचीं दोन नांवें दिलीं आहेत, यूका व पिपीलिका. नवशिका वाचक येथें मुंग्या समजतो. पण त्याच ठिकाणीं या कृमींचें स्थान केंस, लोम, पापण्या व वस्त्रें असें सांगितलें आहे, आणि आकार तिळाएवढा, पाय अनेक व रंग काळा-पांढरा असें वर्णन आहे. केंसांत व वस्त्रांत वस्ती करून राहणारा हा जीव मुंगी नव्हे. तो उवांचाच एक प्रकार होय. अश्ववैद्यकाच्या पानांत हा शब्द आल्यास आधीं स्थान पाहावें, मग अर्थ ठरवावा.

दुसरी अडचण 'दंश' शब्दाची. आजच्या मराठींत 'डांस' म्हणजे ज्यास संस्कृतांत मशक म्हणतात तो. परंतु संस्कृतांतील दंश हा मशकाहून वेगळा आहे. अमरकोशांत त्याचा अर्थ रानमाशी असा दिला आहे. म्हणजे आपण जिला गोमाशी म्हणतों, जी जनावराची कातडी कापून रक्त चाटते, ती मोठी माशी. 'दंश-मशक' असा जोडशब्द आला असतां पुष्कळ भाषांतरांत "डांस, मच्छर" असें एकाच जिवाचें दोनदां नांव येतें, आणि घोड्याचा खरा वैरी भाषांतरांतून गळतो. पुढें सातव्या भागांत दिसून येईल कीं, या गळण्याचें महत्त्व लहान नाहीं.

'यूका' व 'लिक्षा' हीं मापांचींही नांवें आहेत, हें संग्राहकांनीं विसरूं नये. अर्थशास्त्रांतील मानाच्या कोष्टकांत आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यव आणि आठ यवांचें एक अंगुल होतें. अंगुल सुमारें पाऊण इंच धरिलें, तर यूका त्याचा चौसष्टावा भाग, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. घोड्याच्या अंगावरील ऊ याच्या कित्येक पट मोठी असते. तेव्हां कोष्टकांतील यूका ही केवळ संज्ञा आहे. पानांत 'लिक्षा' दिसली कीं ती कीटक आहे कीं माप, हें आधीं ठरवावें.

३. प्रत्यक्ष जीव

शब्दांचा अर्थ लावण्यास जीव डोळ्यांपुढें असला पाहिजे. म्हणून आजच्या ज्ञानास धरून त्यांची थोडक्यांत ओळख देतों.

घोड्याच्या उवा दोन जातींच्या आहेत. एक रक्त पिणारी, सुमारें तीन मिलिमीटर लांबीची. दुसरी त्वचेचा कोंडा व मळ कुरतडून खाणारी, तिच्याहून लहान. दोन्ही जाती आपला सारा जन्म घोड्याच्या अंगावरच काढतात, आणि अंगापासून दूर झाल्यास फार दिवस जगत नाहींत. त्या लिखा केंसांच्या मुळाशीं चिकटवितात. आयाळ व शेपटीचें मूळ या त्यांच्या आवडत्या जागा. हिंवाळ्यांत केंस वाढले असतां आणि घोडा अशक्त असतां त्यांची वाढ फार होते. लिखांवर बहुतेक औषधें चालत नाहींत, म्हणून एकदां उपाय करून भागत नाहीं. लिखा फुटून उवा बाहेर आल्यावर, सुमारें दोन आठवड्यांनीं, तो पुन्हां करावा लागतो. एखाद्या जुन्या पानांत उपाय पुन्हां करण्याची मुदत दिली असेल, तर ती अवश्य टिपून ठेवावी. लिहिणारानें डोळ्यांनीं पाहून लिहिलें कीं नुसतें उतरून घेतलें, याची ती एक खूण आहे.

लिखेसारखींच, पण पिवळसर, बारीक अंडीं घोड्याच्या पुढील पायांच्या व खांद्यांच्या केंसांवर चिकटलेलीं दिसतात. तीं उवेचीं नव्हत. मधमाशीसारख्या दिसणाऱ्या एका माशीचीं आहेत. घोडा पाय चाटतो, तेव्हां त्यांतील अळ्या तोंडावाटे पोटांत जातात, जठरास चिकटून कित्येक महिने राहतात आणि पुढें लिदेबरोबर बाहेर पडतात. हीं अंडीं बोथट सुरीनें खरवडून काढणें हा उपाय आजही सांगितला जातो. केंसांवरील अंडीं आणि पोटांतील कृमि या दोहोंचा संबंध केवळ पाहून कोणास सुचणें कठीण. म्हणून जुन्या वैद्यकांत बाह्य कृमि व आंतर कृमि हे दोन वेगळे अधिकार राहिले, तर त्यांत नवल नाहीं.

गोचीडाची गोष्ट वेगळी. तो रक्त पिऊन फुगला कीं गळून पडतो, आणि मादी जमिनीवर, भिंतींच्या भेगांत हजारों अंडीं घालते. म्हणून गोचीड घोड्यावर दिसला तरी त्याचें घर तबेल्यांत असतें. तो काढतांना कातडीलगत धरून सरळ ओढावा. पिरगळून काढल्यास तोंड आंत राहून जखम होते.

शेपटीखालीं व जांघेंत चिकटून बसणारी एक चपटी, चिवट माशी घोडेवाल्यांच्या ओळखीची आहे. चिमटींत दाबली तरी ती सहसा चिरडत नाहीं. ती अंडीं घालीत नाहीं. एका वेळीं एक वाढलेली अळीच जन्मास घालते. खरुजेचा कीटक मात्र इतका सूक्ष्म कीं तो नुसत्या डोळ्यांस जवळजवळ दिसत नाहीं. म्हणून संस्कृत वैद्यकांत खरूज कृमींत न पडतां कंडू, पामा, कच्छू अशा त्वचेच्या रोगांत पडली. पानांतील वर्गीकरण आजच्या वर्गीकरणाशीं जुळत नाहीं एवढ्यावरून लिहिणारास अज्ञानी ठरवूं नये. तो दिसेल तें लिहीत होता.

४. खरारा हाच मुख्य उपाय

चरकानें सर्व कृमींची चिकित्सा तीन भागांत मांडली आहे : कृमि ओढून काढणें, त्यांस पोषक अशी शरीरस्थिति मोडणें, आणि ज्या कारणानें ते होतात तें कारण टाळणें. बाह्य कृमींचें कारण त्यानें एकच सांगितलें आहे, स्वच्छतेची हेळसांड. हा विचार माणसांच्या वैद्यकांतला असला तरी पागेंतील नित्यक्रम त्याचाच विस्तार वाटतो.

अर्थशास्त्रांतील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत घोड्यांच्या सेवकांची जी यादी आहे, तींत गवत आणणारा, दाणा शिजविणारा, थान राखणारा यांच्या बरोबरीनें केशकार, म्हणजे केंसांची निगा राखणारा, स्वतंत्र सांगितला आहे. घोड्यास दिवसांतून दोन वेळां स्नान घालावें असेंही तेथें आहे. पदरच्या माणसांत केंसांसाठीं एक निराळा माणूस असणें ही चैन नव्हे. आयाळ विंचरतांना, पाय व पोट चोळतांना ज्याचा हात रोज फिरतो, त्याच्याच हाताला पहिला गोचीड लागतो.

त्याच प्रकरणांत अश्वशाळेंत वानर, मोर, मुंगूस, चकोर, पोपट व साळुंकी असावींत असा उल्लेख आहे. वानर घोड्याच्या उवा वेंचीत, असें त्यावरून कोणी अनुमान काढतात. परंतु याच ग्रंथांत राजवाड्याच्या रक्षणाच्या प्रकरणीं मोर, मुंगूस, चकोर, पोपट व साळुंकी यांचा उपयोग साप व विष यांच्या संबंधानें सांगितला आहे. वानर तबेल्यांत ठेवण्याची चाल घोड्यावरील अरिष्ट टळावें या समजुतीनेंही पुष्कळ ठिकाणीं होती. म्हणून वानराचा उवांशीं संबंध जोडण्यास या उल्लेखांत आधार नाहीं, असें माझें मत आहे.

मराठी पागेंत केशकाराचें काम मोतद्दाराकडे होतें आणि त्याचें मुख्य हत्यार खरारा. खराऱ्यानें कोंडा, घाम, माती व लिखा निघतात. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे घोड्याचें सर्वांग दररोज एकदां तरी तपासलें जातें. पागेच्या जमाखर्चांत दाणा, वैरण व नालबंदी यांपुढें औषधाची बाब लहान दिसल्यास, "घोड्यांच्या रोगांकडे दुर्लक्ष होतें" असा निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. जें रोजच्या मेहनतीनें होत होतें त्याचा खर्च निराळा पडत नसे.

शिवछत्रपतींचें चिपळूणच्या छावणींतील लष्करास लिहिलेलें पत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. त्यांत औषधें नाहींत. दाणागवत पावसाळ्याअखेरपर्यंत पुरवून वापरावें, नाहीं तर घोडीं उपाशीं मरतील, ही चिंता आहे. उवांच्या प्रश्नाशीं याचा संबंध दूरचा वाटेल, पण तो तसा नाहीं. अर्धपोटीं घोड्याच्या अंगावर उवा जितक्या माजतात तितक्या धडधाकट घोड्याच्या अंगावर माजत नाहींत. चंदी व खरारा हीं दोन्हीं सुटलीं कीं कोणतेंही तेल पुरें पडत नाहीं.

५. द्रव्यें व त्यांवरून कालनिर्णय

आतां औषधांकडे वळूं. संस्कृत वैद्यकांत कृमि व त्वग्रोग यांवर वारंवार येणारीं द्रव्यें म्हणजे निंब, करंज, वावडिंग, मोहरी, गोमूत्र, गंधक, हरताळ व मनशीळ. यांपैकीं गंधक खरुजेवर खरोखरच गुणकारी आहे. चुना व गंधक यांचें द्रावण जनावरांच्या खरुजेवर आजही वापरतात. निंब व करंज यांच्या तेलांचा कीटकांवर परिणाम होतो, तो सौम्य असला तरी. नुसतें तेल चोपडल्यानेंही उवा गुदमरतात. त्यामुळें एखादा नुसखा लागू पडला तर तो त्यांतील वनस्पतीनें पडला कीं तेलानें, हें सांगणें कठीण असतें.

हरताळ व मनशीळ हीं सोमलाचीं खनिजें आहेत. तीं कीटक मारतात यांत संशय नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियांत व दक्षिण आफ्रिकेंत गोचीड मारण्यासाठीं गुरांस सोमलाच्या पाण्याच्या हौदांतून पोहवीत. पण जें कीटकास विष तें घोड्यासही विष, आणि लावणारासही. आपल्या पोथ्यांशीं हरताळाचा दुसराही संबंध आहे : चुकलेलें अक्षर झांकण्यासाठीं लेखक हरताळ फांसत, आणि कसर लागूं नये म्हणून कागदासही तो लावीत. जो पदार्थ घोड्याच्या उवांवर तोच पोथीच्या किड्यांवर. म्हणून पिवळें पान उलटतांना बोट जिभेस लावण्याची आपल्यापैकीं कित्येकांस असलेली संवय सोडावी, अशी माझी कळकळीची विनंति आहे.

द्रव्यांचा खरा ऐतिहासिक उपयोग काळ ठरविण्याचा आहे. तंबाखू हें झाड मूळचें अमेरिकेचें. विजापुराहून परतलेल्या असद बेगानें तें अकबराच्या दरबारीं नेलें, ही गोष्ट अकबराच्या अखेरच्या दिवसांतली, म्हणजे १६०५ च्या सुमाराची. तेव्हां उवांवर तंबाखूचा काढा सांगणारा नुसखा, मग तो नकुलाच्या नांवावर असो कीं शालिहोत्राच्या, त्याहून फार जुना असूं शकत नाहीं. संस्कृत वेषानें फसूं नये. तंबाखूस 'ताम्रकूट' असें संस्कृत नांव मागाहून घडविलें गेलें. मिरचीचीही तीच कथा : 'मरीच' म्हणजे काळी मिरी, ती आपल्याकडे प्राचीन, मिरची पोर्तुगीजांच्या आगमनानंतरची. श्लोकांत 'मरीच' आणि खालील मराठी अर्थांत 'मिरची' असें आढळल्यास श्लोक व अर्थ यांच्यामधील काळाचें अंतर तेथेंच हातीं लागतें.

मात्र हा पुरावा एकाच बाजूनें चालतो. नुसख्यांत तंबाखू असल्यास तो नवा हें सिद्ध होतें. तंबाखू नसल्यास तो जुना हें सिद्ध होत नाहीं. तसेंच समासांतील एका नुसख्यावरून मूळ पोथीस नवी ठरवूं नये. आधीं हात ओळखावा, मग थर ठरवावा, आणि तेवढ्या थरापुरताच निष्कर्ष काढावा.

६. माप चुकलें तेव्हां

आतां तो अनुभव. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील टांगा हांकीत. त्यांच्या घोड्यास हिंवाळ्यांत उवांचा फार उपद्रव झाला. खांबास अंग घासून घासून त्याच्या मानेवरची कातडी उघडी पडली होती. माझ्याजवळ पोथ्या आहेत हें त्यांस ठाऊक होतें. ते एके दिवशीं आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्या कागदांत ह्याच्यावर कांहीं लिहिलेलं असंल तर बघा कीं."

माझ्या संग्रहांत अश्ववैद्यकाचें एक मोडी पान होतें. त्यांत तंबाखूचा काढा करून घोड्यास चोळावा, असा नुसखा होता. मला मोठा आनंद झाला. आपली विद्या कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे असें वाटलें. मीं पान वाचून दाखविलें : पाणी इतकें, तंबाखू शेर एक. त्यांनीं त्याप्रमाणें केलें.

त्याच दिवशीं संध्याकाळीं तो मुलगा धांवत आला. घोडा घामानें निथळत होता, थरथर कांपत होता, तोंडास फेंस आला होता आणि पाय त्याच्या ताब्यांत नव्हते. तालुक्याचे पशुवैद्य तातडीनें आले. त्यांनीं साबण लावून घोड्यास पुन्हां पुन्हां धुवविलें आणि रात्रभर त्याच्याजवळ थांबले. तंबाखूंतील विष कातडींतून अंगांत भिनतें, आणि उघड्या कातडींतून तर फारच लौकर, हें त्यांनीं मला तेथेंच सांगितलें. घोडा वांचला, पण कांहीं आठवडे तो टांग्यास जुंपतां आला नाहीं. त्या काळांतील कुटुंबाचें उत्पन्न बुडालें तें माझ्या वाचनामुळें. टांगेवाल्यानें मला एक शब्दही लावून बोलला नाहीं. त्याचेंच मला अधिक लागलें.

मीं तें पान पुन्हां काढून बसलों. 'शेर' या शब्दापुढें एक उभी रेघ होती. ती मीं एकाचा आंकडा म्हणून वाचली होती. त्याच पानावर अन्यत्र एकाचा आंकडा स्पष्ट, वळण घेऊन लिहिलेला होता. उभी रेघ ही पावाची खूण होती. दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, हें मी विद्यार्थ्यांस शिकवीत असें, आणि स्वतः विसरलों. पाव शेराच्या जागीं मीं एक शेर सांगितला; चौपट. शिवाय शेर कोणता, ऐंशी तोळ्यांचा पक्का कीं त्या मुलखांतला दुसरा, याचा मीं विचारही केला नव्हता. पान उलटून पाहिलें तेव्हां पाठीवर नुसखा पुढें चालू होता : एका दिवशीं अर्ध्याच अंगास लावावें, जखमेस लावूं नये, आणि नंतर धुवून काढावें. पाठ मीं वाचलीच नव्हती.

यावरून पान बरोबर वाचलें असतें तर उपाय निर्धोक ठरला असता, असें मला म्हणावयाचें नाहीं. पाव शेराचा काढाही धोक्याचाच. जुना नुसखा हा इतिहासाचा पुरावा आहे. तो आज जनावरावर करून पाहण्याची वस्तु नव्हे. पण पुरावा म्हणूनही तो मीं खोटा वाचला होता. त्या दिवशीं घोडा आजारी पडला नसता, तर "आमच्या पूर्वजांच्या नुसख्यांत शेरभर तंबाखू असे" असें एक विधान मीं कोठें तरी छापलें असतें, आणि तें कोणीही तपासलें नसतें.

७. जें पूर्वजांस दिसलें नाहीं

शेवटीं, जुन्या पानांची मर्यादा कोठें येते तेंही सांगितलें पाहिजे. माशी चावते, घोडा बेजार होतो, जखम चिघळते, येथपर्यंतचें निरीक्षण पूर्वजांनीं केलें होतें; त्यासाठीं धूप, झूल व स्वच्छ थान हे उपाय होते. पण माशी एका जनावराचा रोग दुसऱ्यास नेऊन देते, हें ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचें आहे. १८८० सालीं ग्रिफिथ इव्हान्स यांस डेरा इस्माइलखान येथें सर्रा या रोगानें पछाडलेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत एक सूक्ष्म जंतु आढळला. पुढें १९०१ सालीं लेनर्ड रॉजर्स यांनीं तो जंतु गोमाश्यांच्या चाव्यानें एका जनावरांतून दुसऱ्यांत जातो असें प्रयोगानें दाखविलें. गोचीडही घोड्यांत रक्तपेशी नासविणारा ताप पसरवितात.

या इतिहासांत पुण्याचा वांटा आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष वाटेल. जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं सरकारनें काढलेली प्रयोगशाळा प्रथम पुण्यासच, सायन्स कॉलेजांत, १८८९ च्या डिसेंबरांत सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनीं घोड्यांच्या सर्ऱ्यावर बरेंच काम केलें. १८९३ सालीं ती संस्था कुमाऊंतील मुक्तेश्वरास गेली. आजच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचें मूळ तेंच.

आतां 'दंश' शब्दाकडे पुन्हां पाहावें. पावसाळ्यांत घोडीं ज्वरानें व पायांवरच्या सुजेनें खंगून मेलीं आणि माश्या फार होत्या, अशा अर्थाचा उल्लेख एखाद्या कागदांत मिळाला, तर तो सर्ऱ्याच्या इतिहासाचा दुवा असूं शकतो. तेथें गोमाशीच्या जागीं "डांस" असें भाषांतर केलें कीं तो दुवा तुटतो. एका शब्दावर एवढें अवलंबून असतें.

आजचीं औषधें जुन्यांहून पुष्कळ अधिक गुणकारी आहेत, पण मापाचा व जातीचा नियम त्यांसही लागू आहे. गुरांच्या गोचीडांवर सर्रास वापरलें जाणारें अमित्राझ हें औषध घोड्याच्या आंतड्यांची हालचाल बंद पाडूं शकतें. गाईस चाललें म्हणून घोड्यास चालेल, ही समजूत माझ्या त्या चुकीचीच धाकटी बहीण होय. पशुवैद्यास विचारल्याशिवाय कांहीं लावूं नये.

असो. ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील त्यांस माझी विनंति एवढीच कीं, तीं फुटकळ म्हणून बाजूस टाकूं नयेत. सूचींत प्रत्येक नुसख्याचीं द्रव्यें नोंदवावींत. आंकडे व रेघा आपल्या समजुतीप्रमाणें न बदलतां जशाच्या तशा उतरून घ्याव्या. हात कोठें बदलतो तें लिहावें. आणि पानाची पाठ अवश्य वाचावी. घोड्याच्या पाठीवर ज्यांनीं मुलूख पायांखालीं घातला, त्यांच्या मागें रोज पहांटे खरारा घेऊन उभा राहणारा जो माणूस होता, त्याचें नांव बहुधा कोणत्याच बखरींत नाहीं. त्याच्या हातची खूण उरली असेल, तर ती या तेलकट पानांतच.